साक्षीभावाने ध्यानास कसे बसावे

ध्यानाला नव्याने बसणाऱ्याला "विचारांकडे साक्षीभावाने पाहा" असे सांगण्यात येते आणि बहुतेकांचे घोडे तेथेच अडते. पाहायचे म्हणजे नेमके काय करायचे, कोठून पाहायचे आणि पाहणारा कोण, याचा त्या सूचनेत पत्ता नसतो. परिणामी साधक मनाच्याच एका भागाला दुसऱ्या भागावर लक्ष ठेवायला बसवतो, थोड्याच वेळात कपाळावर ताण येतो, आणि उठताना त्याला पाळत ठेवून आल्याचा शीण जाणवतो. साक्षी नावाची एक वेगळी अवस्था प्रयत्नाने तयार करायची आहे, या समजुतीतून हा सगळा प्रकार होतो. अद्वैत परंपरेतील, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या वेदान्तातील, रीत निराळी आहे. तीत जे जे जाणवते ते ते 'जाणवणारी गोष्ट' म्हणून ओळखत जायचे असते, आणि ही ओळख स्थूलाकडून सूक्ष्माकडे न्यायची असते.

या रितीची सर्वांत आटोपशीर मांडणी 'दृग्दृश्यविवेक' (पाहणारा आणि दिसणारे यांतील भेद) या 46 श्लोकांच्या प्रकरणग्रंथाच्या, म्हणजे वेदान्तातील एकच विषय थोडक्यात मांडणाऱ्या ग्रंथाच्या, पहिल्याच श्लोकात सापडते. हा ग्रंथ कोणी शंकराचार्यांचा मानतात, तर कोणी भारतीतीर्थ किंवा विद्यारण्य या नंतरच्या अद्वैत आचार्यांचा; साधकाला त्या वादात पडण्याचे कारण नाही. श्लोक असा आहे: "रूपं दृश्यं लोचनं दृक् तद्दृश्यं दृक्तु मानसम्। दृश्या धीवृत्तयः साक्षी दृगेव न तु दृश्यते॥" समोरचे रूप दिसते आणि डोळा ते पाहतो, पण डोळ्याची स्थितीही मनाला कळते, म्हणजे मनापुढे डोळा दृश्य ठरतो, आणि मनात उठणाऱ्या वृत्तीही कळतातच, तेव्हा त्याही दृश्य होत. ज्याला त्या कळतात तो साक्षी मात्र केवळ पाहणारा असतो, तो कधीही दृश्य होत नाही. हा श्लोक तत्त्वज्ञानाचे विधान म्हणून वाचला जातो, पण तो अभ्यासक्रम म्हणूनही वाचता येतो, आणि पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने केले आहे.

बैठकीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन फार उंच नसावे, फार खालीही नसावे, आणि दर्भ, मृगाजिन (हरणाचे कातडे) व वस्त्र एकावर एक अंथरावे असे सांगितले आहे. मृगाजिन आज 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सहजासहजी घरात ठेवता येणार नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही. चटईवर घातलेली घडीची सतरंजी किंवा घोंगडी पुरते. गुडघे दुखत असतील तर सरळ पाठीच्या खुर्चीवर, पाय जमिनीला टेकवून बसावे. पोट भरलेले नसावे, फोन दुसऱ्या खोलीत असावा आणि सुरुवातीला वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसण्याचा हट्ट धरू नये. डोळे मिटल्यावर झोप येणाऱ्यांनी ते अर्धवट उघडे ठेवून नजर जमिनीवर सोडावी.

पहिली काही मिनिटे आवाजांना द्यावीत. आवाजच का, तर तो आपण नव्हे याविषयी कोणालाच शंका नसते. रस्त्यावरची रिक्षा, शेजारच्या घरातील कुकरची शिट्टी, खिडकीच्या गजावर घुमणारी कबुतरे, असे जे कानावर पडेल ते पडू द्यावे. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या घडत असल्याचे लवकरच लक्षात येते: आधी नुसता आवाज येतो, आणि त्याच्या पाठोपाठ "आज यांच्याकडे लवकर स्वयंपाक दिसतो" अशी मनाची टिप्पणी येते. टिप्पणी थांबवण्याचा प्रयत्न करू नये. आवाज जसा ऐकू आला तशीच टिप्पणीही कळली, एवढेच नोंदवावे. आणखी एक गोष्ट येथे मुद्दाम पारखून घ्यावी, कारण पुढच्या सर्व पायऱ्यांवर तिचा उपयोग होणार आहे: ऐकण्यासाठी आपण काही करत नाही. कान टवकारले नाहीत तरी ऐकू येतच राहते. जाणीव ही मेहनतीने चालू ठेवावी लागत नाही, हे ज्याला आवाजाच्या बाबतीत अनुभवाने पटले, त्याच्या कपाळावरचा ताण पुढे बराच कमी होतो.

त्यानंतर लक्ष शरीराकडे वळू द्यावे. बैठकीचा दाब, तळहातांची ऊब, नाकाशी होणारा श्वासाचा स्पर्श, कोठेतरी सुटलेली खाज, अशा संवेदना एकामागून एक पुढे येतात. श्वास लांबवू नये, रोखू नये, मोजूही नये. हा प्राणायाम नव्हे. दुखणे सुरू झाले की खरा अभ्यास सुरू होतो. गुडघा दुखू लागला म्हणजे आपण "दुखते आहे" एवढेच म्हणून मोकळे होतो, पण नीट पाहिले तर त्यात ताण, उष्णता, ठसठस असे घटक असतात आणि त्यांवर "हे नको, हे कधी थांबणार" अशी नकाराची वृत्ती बसलेली असते. संवेदना शरीरात असते आणि नकार मनात असतो. दोन्ही कळतात, आणि कळतात म्हणूनच दोन्ही दृश्य आहेत. या दोहोंची फारकत एकदा जरी स्पष्ट दिसली तरी त्या दिवसाचे बसणे कारणी लागले असे समजावे. मात्र दुखणे सोसण्याची पैज लावू नये. सांध्यात कळ येत असेल किंवा पाय बधिर होत असेल तर हलावेसे वाटणे, हालचाल आणि नंतरचा आराम या तिन्हींकडे लक्ष ठेवून पाय बदलावा.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर किंवा इतरत्र विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केलेल्या वाचकांना ही पायरी ओळखीची वाटेल, कारण तेथेही सुरुवातीचे दिवस श्वासावर आणि नंतरचे दिवस अंगावरील संवेदनांवर समतेने लक्ष ठेवण्यात जातात. प्रत्यक्ष कृतीत साम्य बरेच असले तरी दोन्ही परंपरा तेथून एकाच निष्कर्षाला जात नाहीत. बौद्ध विचारात संवेदनांची अनित्यता पाहता पाहता 'मी' म्हणून टिकणारे काहीच सापडत नाही यावर भर असतो. वेदान्तात बदलणाऱ्या सर्व गोष्टी ज्याला कळतात तो न बदलणारा साक्षी मानला जातो. आणि सांख्य या दुसऱ्या प्राचीन दर्शनाच्या मते असे द्रष्टे पुरुष अनेक आहेत. हे मतभेद खरे आहेत आणि 'सगळे एकच सांगतात' असे म्हणून ते बुजवू नयेत, पण डोळे मिटून बसलेल्या वेळी त्यांचा निकाल लावण्याची गरजही नाही.

आवाज आणि शरीर ही पहिली पायरी झाली; दुसरी पायरी इंद्रियांची आणि मनःस्थितीची आहे, आणि बहुतेक मार्गदर्शनांत ती गाळली जाते. 'दृग्दृश्यविवेका'च्या तिसऱ्या श्लोकात डोळ्याचे आंधळेपण, मंदपणा आणि तीक्ष्णपणा मनाला कळतो असे म्हटले आहे. आज डोळे जड आहेत, कानात बारीक गुणगुण आहे, जिभेला चव नाही, हे सारे आपल्याला बाहेरच्या वस्तूइतकेच सहज कळते. तसेच मन आज सुस्त आहे, उतावीळ आहे किंवा उगाच खूश आहे, हेही कळते. "माझे ध्यान आज नीट होत नाही" अशी तक्रार ज्यांच्या मनात येते त्यांनी येथे थांबून पाहावे: मन अस्थिर आहे हे ज्या जाणिवेला इतके स्पष्ट कळले, ती त्या क्षणी अस्थिर होती का? या प्रश्नाचे उत्तर शब्दांत शोधू नये, त्या क्षणाकडेच पुन्हा पाहावे. अस्वस्थ मनाने साक्षीभावाचा अभ्यास होत नाही ही समजूत अशाने सुटते. अस्वस्थता ही अडचण न राहता पाहण्याचा विषय होते.

चौथ्या श्लोकात मनाच्या वृत्तींची एक यादी आहे: काम (इच्छा), संकल्प, संदेह, श्रद्धा, अश्रद्धा, धृती (धीर), अधृती, लज्जा, बुद्धी, भीती इत्यादी. ही यादी तिसऱ्या पायरीवर फार उपयोगी पडते, कारण विचार हे नेहमी वाक्यांच्या रूपात येतात असे नाही. वाक्यरूप विचार ओळखणे सोपे असते. पण एखादी पुसट लाज, पोटातला भीतीचा गोळा, किंवा "हे सगळे खरे असेल का" असा शब्दांवाचूनचा संशय पार्श्वभूमीला बसून राहतो आणि त्यालाच आपण 'मी' समजून चालतो. वृत्ती स्पष्ट दिसेपर्यंत तिला मनात हलकेच नाव द्यावे: आठवण, बेत, भांडण, भीती. नाव एका शब्दाचे असावे आणि ते देऊन झाले की सोडून द्यावे. पुढे नाव देण्याची गरज आपोआप कमी होते, तेव्हा ती सवय आग्रहाने चालू ठेवू नये.

विचारांच्या बाबतीत दोन अनुभव हमखास येतात. काहींना पाहायला लागताच विचार पळून जातात आणि पाहायला काहीच उरत नाही. त्यांनी ती रिकामी जागा पाहावी. विचार नाही हेही कळतेच आहे. बहुतेकांचा अनुभव मात्र याच्या उलट असतो: ते विचाराबरोबर वाहत जातात आणि पाच मिनिटांनी, कार्यालयातील वरिष्ठांना मनातल्या मनात सडेतोड उत्तर देऊन झाल्यावर, भानावर येतात. पतंजलींनी याला वृत्तिसारूप्य म्हटले आहे. द्रष्टा स्वतःच्या स्वरूपात नसतो तेव्हा तो वृत्तीशी एकरूप होऊन राहतो, असा योगसूत्रांतील पहिल्या पादाच्या तिसऱ्या-चौथ्या सूत्रांचा आशय आहे. यात नवशिक्याचे लक्ष वाहून गेलेल्या पाच मिनिटांकडे जाते आणि तो स्वतःवर चिडतो. त्याने भानावर येण्याच्या क्षणाकडे लक्ष द्यावे. तो क्षण कोणी आणला? आपण तर वरिष्ठांशी बोलण्यात गुंतलो होतो, मग "अरे, मी भरकटलो" हे कसे कळले? अभ्यासाचा गाभा या क्षणात आहे, आणि तो बसल्या बैठकीत अनेकदा विनासायास येतो. गीतेतील "यतो यतो निश्चरति मनश्चञ्चलमस्थिरम्" या श्लोकात मन जेथे जेथे जाईल तेथून तेथून परत आणावे असे सांगितले आहे. त्यात मन जाऊच नये अशी अट नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

आता सुरुवातीला सांगितलेल्या अडचणीकडे येऊ. काही आठवडे अभ्यास झाल्यावर मनात एक निरीक्षक तयार होतो. तो "मी पाहतो आहे, हा विचार आला, तो गेला, छान चालले आहे" असे बोलत असतो. त्याची जागाही ठरलेली असते, बहुधा डोळ्यांच्या मागे किंवा कपाळाच्या मध्यभागी, आणि तेथे किंचित आवळल्यासारखे वाटते. अनेक साधक यालाच साक्षी समजून वर्षानुवर्षे जपतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: जो बोलतो, दमतो, खूश होतो, ज्याला जागा आहे आणि जो कधी असतो तर कधी नसतो, तो स्वतःच कळत असतो, आणि म्हणून तो श्लोकातील तिसऱ्या पायरीवरचा, म्हणजे वृत्तीच आहे. त्याला हाकलून लावू नये, कारण हाकलणारा पुन्हा तोच असतो. डोळ्यांमागचा तो आवळलेपणा एक शारीरिक संवेदना म्हणून पाहावा, त्याची बडबड एक विचार म्हणून पाहावी, आणि मग "हे कोणाला जाणवते आहे?" असा प्रश्न एकदाच, सावकाश विचारून उत्तर न देता बसावे. हा प्रश्न जपासारखा घोकू नये. त्याने जे घडते ते एवढेच, की क्षणभर निरीक्षकाची पकड सैल पडते आणि ऐकण्यासारखीच विनाप्रयत्न जाणीव तेवढी राहते.

विद्यारण्यांच्या 'पंचदशी' या वेदान्तग्रंथातील दहाव्या प्रकरणात यासाठी नाट्यगृहातील दिव्याचे उदाहरण आहे. दिवा यजमान, प्रेक्षक आणि नर्तकी यांना सारखाच उजळतो आणि सगळे निघून गेल्यावरही तेवतो; तेथे यजमान म्हणजे अहंकार, प्रेक्षक म्हणजे विषय आणि नर्तकी म्हणजे बुद्धी. आपल्या संदर्भात या उदाहरणातील महत्त्वाचा तपशील यजमानाचा आहे: पाहण्याचा मान मिरवणाऱ्यालाही तो दिवाच प्रकाशित करतो.

मुंबईत खेतवाडीतील आपल्या घरी मराठीतून निरूपण करणारे निसर्गदत्त महाराज (1897–1981) येणाऱ्यांना याहून थेट साधन सांगत. त्यांच्या गुरूंनी, इंचगिरी संप्रदायातील सिद्धरामेश्वर महाराजांनी, त्यांना 'मी आहे' या नुसत्या असतेपणाच्या जाणिवेवर राहायला सांगितले होते आणि तेच ते इतरांना सांगत. मी अमुक, मी तमुक यांतील 'अमुक-तमुक' गळून केवळ 'आहे' एवढीच जाणीव राहू द्यायची, अशी ती रीत आहे. साक्षित्व हाही शेवटचा मुक्काम नाही, जाणिवेसह तेही मावळते, हे त्यांच्या शिकवणीत पुन्हा पुन्हा येते. ज्यांना पायऱ्यापायऱ्यांची रीत किचकट वाटते त्यांनी बैठकीची शेवटची पाच मिनिटे या साधनाला देऊन पाहावीत. माझ्या मते मात्र नवख्या माणसाने एकदम येथून सुरुवात करू नये, कारण शरीर आणि वृत्ती यांची ओळख पक्की झालेली नसताना 'मी आहे' हे एक वाक्य होऊन बसते आणि त्याचा जप सुरू होतो.

अडथळ्यांच्या बाबतीत गौडपाद या प्राचीन अद्वैत आचार्यांची मांडूक्यकारिका, म्हणजे मांडूक्य उपनिषदावरील श्लोकरचना, आजही सर्वांत व्यवहारी वाटते. तिच्यातील उपदेशावरून पुढील वेदान्त्यांनी लय, विक्षेप, कषाय आणि रसास्वाद असे चार अडथळे मोजले. लय म्हणजे पेंग. तीत मनाला जागे करावे, डोळे उघडावेत, पाठ ताठ करावी, गरज पडल्यास उठून चार पावले टाकावीत. विक्षेप म्हणजे मनाचे भरकटणे; त्याविषयी वर लिहिलेच आहे. कषाय ओळखायला अवघड असतो: मन झोपलेले नसते, भरकटलेलेही नसते, पण आतून काहीतरी कोंडल्यासारखे ताठ झालेले असते. जुना अपमान, न फिटलेले देणे, घरातले न बोललेले भांडण अशा गोष्टींचा साका तळाशी बसलेला असतो आणि वरवर शांत वाटणाऱ्या बैठकीत काहीच हलत नाही. अशा वेळी शांतता वाढवण्याच्या मागे न लागता तो कोंडलेपणाच शरीरात कोठे जाणवतो ते पाहावे, आणि उठल्यावर ज्या व्यवहाराचा तो भाग आहे तो व्यवहार प्रत्यक्षात निस्तरावा. देणे फेडण्याचे काम ध्यानाने होत नाही. रसास्वाद हा या चारांत सर्वांत गोड आणि म्हणून फसवा आहे: एखाद्या दिवशी अंग हलके होते, आनंदाची लहर येते, प्रकाश दिसल्यासारखे होते, आणि दुसऱ्या दिवसापासून साधक ध्यानाला नव्हे, त्या अनुभवाच्या प्रतीक्षेत बसतो. आनंदही आला आणि गेला, म्हणजे तोही दृश्यच. त्याचा उपभोग घेऊ नये असे कारिकेत स्पष्ट सांगितले आहे.

बैठकीबाहेर अभ्यास नेण्यासाठी दिवसातील एक ठरावीक काम निवडावे. भांडी घासणे, जिना चढणे, लोकलच्या गर्दीत उभे राहणे, यांपैकी कोणतेही चालेल. अट एवढीच की त्या वेळी कानात गाणे किंवा हातात फोन नसावा. प्रगतीचा अंदाज मात्र रागावरून घ्यावा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहात एखाद्या नातलगाने टोचून लिहिले की छातीत उष्णता येते, उत्तर जुळू लागते आणि अंगठा चालू लागतो. अभ्यास नसताना हे सगळे उत्तर पाठवून झाल्यावर कळते. काही महिन्यांनी लिहिता लिहिता कळते. पुढे केव्हातरी छातीतील उष्णता येतानाच कळते. राग येणे बंद झाले नाही म्हणून निराश होऊ नये, आणि तो येणे व तो कळणे यांतील अंतर कमी होत नसेल तर बैठकीतील शांततेवर फार विसंबू नये.

साक्षीभावाचा गैरवापरही होतो आणि तो घरच्यांना आधी दिसतो. पत्नी काही सांगत असताना "मी यात नाही, मी केवळ साक्षी" असा चेहरा करून बसणारा नवरा साक्षी नसतो, तो संभाषण टाळत असतो. गीतेच्या तेराव्या अध्यायात देहातील परम पुरुषाला, म्हणजे परमात्म्याला, उपद्रष्टा (जवळून पाहणारा) म्हटल्यावर लगेच अनुमन्ता (संमती देणारा), भर्ता (भार वाहणारा) आणि भोक्ता (भोगणारा) अशीही विशेषणे दिली आहेत. पाहणारा आणि भार वाहणारा यांची तेथे ताटातूट केलेली नाही. दुःख आले तर रडू येऊ द्यावे, आणि रडणेही कळू द्यावे.

काही जणांना या अभ्यासात आपण शरीराबाहेर पडलो आहोत, भोवतालचे जग खोटे किंवा काचेपलीकडचे आहे, हातपाय आपले नाहीत, असे वाटू लागते आणि ते बैठकीनंतरही टिकते. याला प्रगती समजू नये. डोळे उघडावेत, गार पाण्याने हातपाय धुवावेत, कोणाशी तरी साध्या विषयावर बोलावे, काही दिवस बैठक बंद ठेवावी आणि शरीराला श्रम होतील अशी कामे करावीत. तरीही ती भावना गेली नाही, झोप उडाली किंवा भीतीचे झटके येऊ लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. ज्यांना पूर्वी मनोविकाराचा तीव्र झटका येऊन गेला आहे, किंवा नुकताच मोठा आघात सोसावा लागला आहे, त्यांनी हा अभ्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा, चालू औषधे स्वतःहून बंद करू नयेत आणि सुरुवातीला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसू नये आणि डोळेही मिटू नयेत.